नव्याने बांधलेले आउटबोर्ड इंजिन आणि पहिले दहा तास

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याच सुमारास पर्यटकांच्या होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. साहजिकच इंजिने खाली उतरवून, खोलून पुन्हा बांधून घेण्याचे काम याच दिवसांत होते आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास ‘आता हे चालवायचे कसे’ असे विचारणारी पत्रे आमच्याकडे येऊ लागतात. या अंकात त्यांतील पाच पत्रांना उत्तरे देत आहोत. पहिले उत्तर मुद्दाम लांबवले आहे, कारण बाकीच्या शंकांचे मूळ त्यात आहे.

प्रश्न : माझ्या होडीला ४० अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या कडेला बाहेरून टांगलेले) इंजिन आहे. मे महिन्यात वरच्या सिलिंडरचा पिस्टन जाम झाला. दोन्ही बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ०.५० मिलिमीटरने वाढवून नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट टाकून इंजिन बांधून घेतले आहे. मिस्त्री म्हणतात की पहिल्या दिवसापासून पूर्ण रेस द्या, तरच इंजिन मोकळे होईल. माझे मेहुणे म्हणतात की जेटीला बांधून आठ तास आयडलिंगवर, म्हणजे भार न देता अगदी कमी रेसवर, चालू ठेवा. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, देवबाग, ता. मालवण

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, पण दोन्हींपैकी कोणताही मार्ग जसाच्या तसा स्वीकारू नये. पहिले दहा तास हे इंजिनाला सांभाळण्याचे आहेत तसेच कामाला लावण्याचेही आहेत, आणि या दोहोंचा मेळ घालणे म्हणजेच रनिंग-इन.

बोअर वाढवल्यानंतर लेथवाला सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगचा दगड फिरवतो. त्यामुळे भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा उमटतात. त्या रेघांच्या खाचांत ऑइल टिकून राहते आणि त्यांच्या कडांवर नव्या रिंगेचा पृष्ठभाग घासला जाऊन भिंतीशी जुळतो. छिन्नीने नव्याने टाकी लावलेल्या जात्यावर पहिली काही दळणे कचकचीत निघतात आणि मग पाळी एकमेकींशी जमतात, तसाच हा प्रकार आहे. मात्र रिंगेला भिंतीवर दाबण्याचे मुख्य काम तिच्या स्वतःच्या ताणाचे नसते. सिलिंडरमध्ये इंधन जळाल्यावर तयार होणारा वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर दाबतो. आयडलिंगवर हा दाब फारच कमी असतो. आठ तास जेटीला बांधून इंजिन फुरफुरत ठेवले, तर रिंगा भिंतीवर नुसत्या सरकत राहतात, होनिंगच्या खाचांत जळक्या ऑइलचा काचेसारखा गुळगुळीत थर बसतो आणि पुढे कितीही भार दिला तरी रिंगा बसत नाहीत. अशा इंजिनाची ताकद कायमची कमी राहते, ठिणगीचे प्लग वारंवार ओले होतात आणि शेवटी सिलिंडर पुन्हा उघडून होनिंग करावे लागते.

उलट बाजूने पाहिले तर मिस्त्रींच्या सल्ल्यातला धोका अधिक तातडीचा आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि सिलिंडरची आतली नळी ओतीव लोखंडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. नव्या जोडणीत पिस्टन आणि भिंत यांच्यात ठेवलेली फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते, शिवाय अजून न बसलेल्या रिंगांचे घर्षण जास्त असल्याने उष्णताही जास्त निर्माण होते. अशा अवस्थेत पूर्ण रेस देऊन किल्ल्याला दोन-तीन फेऱ्या मारल्या, तर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूवर उभे ओरखडे पडतात. इंजिन त्याच दिवशी जाम होईलच असे नाही, परंतु पडलेले ओरखडे भरून येत नाहीत.

आता प्रत्यक्ष क्रम सांगतो. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत दहा तासांचा जो क्रम दिलेला असतो, तो थोड्याफार फरकाने असाच आहे. आपल्या इंजिनाची पुस्तिका हाताशी असेल आणि तिच्यात वेगळे सांगितले असेल, तर पुस्तिकेचे ऐकावे.

पहिली दहा मिनिटे होडी पाण्यात असताना, शक्य तितक्या कमी रेसवर, गिअर टाकून हळू चालवावे. या वेळात नजर फक्त एका गोष्टीवर ठेवावी : इंजिनाच्या मागे बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर. धार सलग आणि जोरदार असली पाहिजे. ती तुटक झाली किंवा तिच्यातून वाफ येऊ लागली, तर इंजिन तत्काळ बंद करावे. त्यानंतर पहिला तास पूर्ण होईपर्यंत अर्ध्या रेसच्या, म्हणजे मिनिटाला साधारण ३००० फेऱ्यांच्या वर जाऊ नये, पण एकाच ठिकाणी रेस धरूनही ठेवू नये. दर काही मिनिटांनी थोडी वाढवावी, थोडी उतरवावी.

दुसऱ्या तासात रिंगा बसवण्याचे खरे काम सुरू होते. रेस वाढवून होडी पाण्यावर उचलली जाऊ द्यावी, ती उचलली की पाऊण रेसवर एखादा मिनिट राहावे आणि मग पुन्हा निम्म्यावर यावे. चढताना येणारा भार वायूचा दाब वाढवतो आणि रिंगा भिंतीवर घट्ट दाबल्या जातात. उतरताना सिलिंडर निवतो. हा चढउतार तासभर पुन्हा पुन्हा करावा. पुढच्या आठ तासांत अधूनमधून पूर्ण रेस देण्यास हरकत नाही, किंबहुना ती द्यावीच, पण एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त नको आणि प्रत्येक वेळेनंतर इंजिनाला निम्म्या रेसवर निवू द्यावे.

रेस उतरवण्याबाबत एक काळजी फार थोडे लोक घेतात. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल इंधनातूनच मिळते. भरधाव होडीत थ्रॉटल एकदम बंद केला, तर इंजिन वेगात फिरत असते पण इंधन थांबलेले असते, म्हणजे ऑइलही थांबलेले असते. जुन्या इंजिनाला ते सहन होते, नव्या पिस्टनला होत नाही. म्हणून हात हळूहळू मागे घ्यावा.

ठिकाणाचा विचारही महत्त्वाचा आहे. आपण देवबागला राहता, म्हणजे कर्ली खाडी दारातच आहे. ऑगस्टमध्ये संगमाच्या मुखाशी लाटा अजून फुटत असतात. त्या लाटांवर पंखा पाण्याबाहेर आला की इंजिनावरचा भार क्षणात नाहीसा होतो आणि फेरे एकदम चढतात, जे या टप्प्यावर सर्वांत वाईट. त्यामुळे मुखाकडे न जाता भरतीच्या पाण्यात आत नेरूरपारच्या दिशेने जावे. सुकतीला उथळ जागी पंख्याने गाळ ढवळला जातो आणि तो गाळ निववणारे पाणी ओढणाऱ्या पंपाच्या रबरी इम्पेलरला (फिरत्या चक्राला) खातो, म्हणून खोल पाण्याची मधली रेघ धरावी. होडीत दोनच माणसे असावीत. पर्यटक घेऊन रनिंग-इन करू नये, हे तर सुरक्षिततेच्या दृष्टीनेही उघड आहे.

आणि आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, जो आपल्या पत्रात नाही : मे महिन्यात वरचाच पिस्टन का जाम झाला? दोन्ही सिलिंडरना टाकीतले मिश्रण एकच मिळत असताना एकच पिस्टन जाम होतो, तेव्हा बिघाड बहुधा त्या एका सिलिंडरच्या वाटेवर असतो. त्याच्या कार्ब्युरेटरचे जेट (इंधन सोडणारे बारीक छिद्र) अर्धवट बुजलेले असू शकते, क्रँकशाफ्टच्या वरच्या टोकाचे सील फाटून तिथून हवा आत ओढली जात असू शकते, किंवा त्या सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटेत मीठ साचलेले असू शकते. नव्या सुट्या भागांच्या यादीत आपण सील, इम्पेलर आणि थर्मोस्टॅट (निववणाऱ्या पाण्याचे तापमान राखणारी झडप) यांचा उल्लेख केलेला नाही. ते बदलले गेले आहेत का आणि कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केले आहेत का, हे मिस्त्रींना होडी पाण्यात उतरवण्यापूर्वी विचारावे. मूळ कारण तसेच राहिले असेल, तर दहा तास कितीही काळजीने चालवले तरी नवा पिस्टन जुन्याच्याच वाटेने जाईल.

प्रश्न : रनिंग-इनसाठी २५ लिटर पेट्रोलला १ लिटर ऑइल असे प्रमाण मिस्त्रीने सांगितले आहे. सुरक्षितता म्हणून मी १५ लिटरला १ लिटर टाकले तर चालेल का? आणि मोटारसायकलचे टू-टी ऑइल वापरता येईल का? — एक वाचक, हर्णै, ता. दापोली

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नयेत.

ऑइल जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त, हा समज सार्वत्रिक आहे, पण कार्ब्युरेटरच्या जेटमधून जाणाऱ्या द्रवाचे प्रमाण ठरलेले असते. त्या द्रवात ऑइल जितके जास्त, तितके पेट्रोल कमी. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोलचे मिश्रण पातळ होते आणि पातळ मिश्रण जास्त तापते. शिवाय जादा ऑइल रिंगांच्या खाचांत काजळी धरते, आणि आपल्याला तर त्या रिंगा मोकळ्या हलायला हव्या आहेत.

ज्या इंजिनांना एरवी ५० लिटरला १ लिटर ऑइल लागते, त्यांपैकी अनेकांना रनिंग-इनमध्ये २५ लिटरला १ लिटर, म्हणजे लिटरमागे ४० मिलिलिटर सांगितलेले असते. २४ लिटरची टाकी असेल तर ९६० मिलिलिटर ऑइल लागेल, आणि दहा तासांनंतर त्याच टाकीला ४८० मिलिलिटर पुरेल. मापाचे भांडे वापरावे. बाटलीच्या अंदाजाने ओतू नये. आधी निम्मे पेट्रोल, मग ऑइल, मग टाकी हलवून उरलेले पेट्रोल, या क्रमाने मिश्रण एकजीव होते.

मोटारसायकलचे ऑइल हवेने निवणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलेले असते आणि त्यातल्या काही द्रव्यांची जळून राख उरते. पाण्याने निवणाऱ्या आउटबोर्डमध्ये ही राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगवर साचते. तो साठा लाल तापला की ठिणगीच्या आधीच इंधन पेटू लागते आणि पिस्टनला भोक पडते. आउटबोर्डसाठी राखविरहित ऑइल वेगळे मिळते आणि त्याच्या डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ असे लिहिलेले असते. तेच घ्यावे.

प्रश्न : पावसाळ्याआधी टाकीत भरून ठेवलेले पेट्रोल नव्या बांधलेल्या इंजिनात वापरावे का? इथेनॉलमुळे इंजिने बिघडतात असे बंदरावर सगळे म्हणतात. त्यात किती तथ्य आहे? — एक वाचक, जयगड

उत्तर : ते पेट्रोल वापरू नये, एवढे निःसंदिग्धपणे सांगतो.

सध्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर अनेक आउटबोर्ड कंपन्यांनी आपल्या इंजिनांसाठी १० टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात झाकणाची फट राहिलेल्या टाकीत दोन-तीन महिन्यांत पुरेसे पाणी जमले, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतली नळी तळातूनच ओढते. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. म्हणजे तळाचा थर इंजिनात गेला, तर पिस्टनला ऑइल जवळजवळ मिळतच नाही. जुन्या पेट्रोलचा एक नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून रात्रभर ठेवावा. तळाशी वेगळी रेघ दिसली, तर शंकेला जागा उरत नाही. परंतु रेघ दिसली नाही तरी जुने पेट्रोल रनिंग-इनसाठी वापरू नये.

दुसरा परिणाम ताज्या पेट्रोलचाही आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे, पूर्वीच्याच जेटवर मिश्रण काहीसे पातळ होते. सुस्थितीतल्या इंजिनाला निम्म्या रेसवर हे सहज सोसते, पण नव्या पिस्टनला पूर्ण रेसवर कमी सोसते. म्हणून रनिंग-इनच्या काळात प्लग काढून पाहण्याची सवय ठेवावी. प्लगच्या आतल्या पांढऱ्या चिनी मातीचा रंग कॉफीसारखा तपकिरी आला, तर ठीक. २५ लिटरला १ लिटर ऑइल असताना तो काळपट आणि ओलसर आला, तरी काळजीचे कारण नाही. तो खडूसारखा कोरा पांढरा दिसला, तर रेस वाढवू नये आणि जेट मोठे करण्याबाबत जाणकार मिस्त्रीला विचारावे. त्यावर राखाडी चकाकणारे बारीक कण दिसले, तर ते ॲल्युमिनियम आहे, म्हणजे पिस्टन वितळू लागला आहे. अशा वेळी इंजिन पुन्हा चालूच करू नये.

टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा. कडक झालेली रबरी नळी आणि दाबायचा फुगाही नवा घ्यावा. नळीला बारीक भेग असली की तिथून इंधन गळतेच असे नाही. अनेकदा हवा आत ओढली जाते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : आमची इंजिने रॉकेलवर चालतात. रनिंग-इनही रॉकेलवर करावे का? शिवाय होडी उतरवण्याआधी पिंपात इंजिन किती वेळ चालवून पाहावे? — एक वाचक, सातपाटी

उत्तर : रॉकेलसाठी बनवलेल्या इंजिनाचा क्रम आपल्याला माहीत आहेच : पेट्रोलवर चालू करावे, पुरते तापल्यावर रॉकेलवर घ्यावे आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावे. नव्या इंजिनात हा क्रम जास्त काटेकोरपणे पाळावा लागतो. थंड इंजिनात रॉकेल पूर्ण जळत नाही. न जळलेले रॉकेल क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीत) साचून बेअरिंगवरचे ऑइल धुऊन काढते, आणि नव्या बेअरिंगला पहिल्या तासात हे मुळीच परवडत नाही. म्हणून पहिला तास पूर्णपणे पेट्रोलवर काढावा, असे आमचे मत आहे. त्यानंतर रॉकेलवर घेतल्यास हरकत नाही, मात्र हळू चालवायच्या वेळात पुन्हा पेट्रोलवर यावे. रॉकेलमधले ऑइलचे प्रमाण पुस्तिकेत वेगळे दिलेले असते, ते पाहावे.

पिंपात इंजिन दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये आणि तिथे रेस कधीही देऊ नये. पिंपातल्या पाण्यात एक्झॉस्टचा वायू मिसळून फेस होतो, पंप तो फेस ओढू लागतो आणि इंजिनाला पाण्याऐवजी हवा मिळते. बंद शेडमध्ये पिंप असेल, तर इंजिन आपलाच धूर पुन्हा ओढते. पिंपातली चाचणी एवढ्यासाठीच असते की इंजिन चालू होते, पाण्याची धार येते, कुठे गळती नाही आणि गॅस्केटच्या कडेने बुडबुडे येत नाहीत. सिलिंडरच्या डोक्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून पाहावेत. ते नुसते पसरून हळूहळू सुकले, तर ठीक. चर्र आवाज करून उडाले, तर पाण्याची वाट कुठेतरी बंद आहे. पिंपाच्या बाहेर, पाण्याशिवाय, ‘फक्त आवाज ऐकण्यासाठी’ इंजिन चालू करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती पूर्णपणे सोडून द्यावी. इम्पेलर रबराचा असतो आणि पाण्याशिवाय काही सेकंदांतच त्याची पाती झिजू लागतात.

प्रश्न : माझे इंजिन फोर-स्ट्रोक, ९.९ अश्वशक्तीचे आहे. त्याच्याही रिंगा बदलल्या आहेत. त्याला वेगळे काही करावे लागते का? दहा तास झाल्यावर काय तपासावे? — एक वाचक, शापोरा, गोवा

उत्तर : चालवण्याचा क्रम तोच आहे. फरक ऑइलचा आहे : फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नसते, रनिंग-इनमध्येही नाही. त्याऐवजी रोज सकाळी डिपस्टिक पाहावी. पातळी कमी झाली तर सर्वांच्या लक्षात येते, पण ती वाढली तर इंजिन छान आहे असे समजले जाते. नव्या बांधलेल्या इंजिनात पातळी वाढणे ही धोक्याची खूण आहे. रिंगा बसलेल्या नसताना इंजिन फार हळू आणि थंड चालवले गेले, तर न जळलेले पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलावे आणि इंजिनाला थोडा अधिक भार द्यावा. बहुतेक कंपन्या पहिले ऑइल आणि फिल्टर २० तासांनी बदलायला सांगतात. आतून बांधलेल्या इंजिनाच्या बाबतीत आम्ही ते १० तासांनीच बदलण्याचा आग्रह धरू, कारण जुळणीच्या वेळी राहिलेली होनिंगची पूड आणि धातूचे कण पहिल्या ऑइलमध्येच उतरतात.

दहा तासांनंतर, इंजिन टू-स्ट्रोक असो वा फोर-स्ट्रोक, कम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्यावे. सगळे प्लग काढून, ठिणगीच्या वायरी इंजिनाच्या धातूला जोडून (अर्थ करून) आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून ते मोजतात. बांधल्या दिवशी मोजलेला आकडा वहीत लिहून ठेवला असेल, तर तो आता वाढलेला दिसला पाहिजे. त्यावरूनच रिंगा बसल्याचे कळते. सिलिंडरमधला आपापसातला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा. हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे की नाहीत, हे पुस्तिकेवर अवलंबून आहे. आवळायचे असतील, तर इंजिन पूर्ण थंड असताना, मधून कडेला जाणाऱ्या ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच आवळावेत.

गिअर ऑइल मात्र दहा तासांनी प्रत्येकाने बदलावे, विशेषतः इंजिन उतरवताना खालचा गिअरबॉक्स सुटा केला असेल तर. खालचा स्क्रू आधी आणि वरचा नंतर काढून ऑइल वाहू द्यावे. निघालेले ऑइल दुधाळ दिसले, तर पंख्याच्या शाफ्टचे सील पाणी आत सोडत आहे, आणि ते बदलल्याशिवाय होडी बाहेर काढू नये. नवे ऑइल खालच्या भोकातूनच भरावे, म्हणजे आतली हवा वरून निघून जाते. वरच्या भोकातून ते वाहू लागले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा, आणि दोन्हींचे वॉशर नवे टाकावेत.